अभ्यासपाठ : शिकविणारे काम आणि राबविणारे काम

वाचन : निर्गम ३१:१-११ व ३५:३०-३५, अनुवाद २४:१४-१५, प्रेषितांची कृत्ये १८:१-४



आठवी ते दहावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष कामातून शिकवावे, असा विचार मी वसतिगृहाच्या पालकसभेत मांडला. तेव्हा एक वडील उठून म्हणाले, "मॅडम, पोरगा शाळेत घातला तो काम सुटावं म्हणून. आता तुम्हीच त्याला कामाला लावता?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जव्हार-मोखाड्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि शाळा सुटते. अशा बापाला 'काम' या शब्दाची भीती वाटते, यात नवल नाही. म्हणून या पाठात आपण शास्त्राच्या प्रकाशात विचार करू : कोणते काम मुलाला शिकविते आणि कोणते त्याला नुसते राबविते?

१. कौशल्य हे देवाचे दान आहे

निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेल आणि अहलियाब यांना नावाने बोलाविले. सोने, लाकूड, वस्त्र यांवरील कारागिरी ही देवाच्या आत्म्याची देणगी आहे, असे तेथे सांगितले आहे. पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट दिसते : इतरांना शिकविण्याची बुद्धीही त्यांना दिली होती. गमलियेलाच्या पायांजवळ शिकलेला पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर राहुट्या करीत असे. त्याच्या आयुष्यात ग्रंथ आणि हातकाम यांचे वैर नव्हते.

२. श्रमाचे मोल बुडविणे हे पाप आहे

अनुवादात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी देण्याची आज्ञा आहे. तेव्हा शिक्षणाच्या नावाखाली मुलांना फुकट राबविणे देवाला मान्य होणार नाही. आपल्या देशाचा कायदाही हेच पाहतो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई आहे. शाळा सांभाळून घरच्या कामात मदत करण्याची मुभा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके अशा धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही.

३. पाबळचे उदाहरण

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून आठवी ते दहावीसाठी एक अभ्यासक्रम पुढे आला. आठवड्यातून एक दिवस मुले शेती व पशुपालन, यंत्रकाम, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य असे चार विषय हाताने शिकतात. शिकविणारे पुष्कळदा गावातलेच कारागीर असतात. मुले माती तपासतात, विजेचे फिटिंग करतात, रक्तातील हिमोग्लोबिन मोजतात आणि कामाचा खर्च काढतात. त्यामुळे पुस्तकातले क्षेत्रफळ पत्रा कापताना कळते आणि शेकडेवारी हिशेबात उतरते.

४. तीन कसोट्या

या विचारातून मी तीन कसोट्या ठरविल्या.

पहिली : काम संपल्यावर 'हे असे का केले?' याचे उत्तर मुलाला देता यावे. कलम बांधणारा मुलगा फांदी व खुंट एकजीव कसे होतात हे सांगू शकला, तर तो शिकला. दिवसभर नुसत्या पिशव्या भरल्या, तर तो राबला.

दुसरी : एकाही दिवसाचा वर्ग बुडू नये. कामाची नोंद, माप आणि हिशेब वहीत लिहिला जावा.

तिसरी : मुलाच्या कामातून पैसा झाला, तर त्याचा हिशेब त्याला व पालकांना दाखवावा आणि त्याचा वाटा त्याला द्यावा.

त्या वडिलांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी आणखी एक अट घातली : परीक्षेच्या दिवसांत पोराला पुस्तकावरून उठवायचे नाही. अट रास्त होती. ती आम्ही मान्य केली.

५. मंडळीने काय करावे?

आपल्या मंडळीत परिचारिका आहेत, वायरमन, शिंपी, सुतार, गॅरेजवाले, शेतकरी आहेत. आपले दान या मुलांना जेवण आणि वह्या देते, त्याबद्दल देवाचे आभार. पण दहावीत नापास झालेल्या मुलासमोर वीटभट्टीखेरीज दुसरी वाट असावी, यासाठी आपला वेळ आणि आपली कलाही लागेल. शनिवारी दोन तास एखाद्या मुलाला आपल्याशेजारी उभे करून शिकविणे, हीदेखील सेवा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. बसालेलाला शिकविण्याची बुद्धी का दिली असावी?
२. आपल्या घरी, दुकानात किंवा शेतात एखादे मूल राबते आहे काय? त्याची शाळा, त्याची मजुरी यांविषयी आपण कधी विचारले आहे काय?
३. आपल्या हातची कोणती कला आपण एका मुलाला शिकवू शकतो?

प्रार्थना : हे प्रभू, तू स्वतः सुताराच्या घरी वाढलास. आमच्या लेकरांचे हात कुशल कर, त्यांचे बालपण राख आणि त्यांच्या श्रमाचे मोल कोणी बुडवू नये म्हणून आम्हांला जागे ठेव. आमेन.