पेनड्राइव्हवर नेमकं काय घेतलंस?

अगं, "ताई, प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेतलंय, उद्या अंधेरीच्या स्टुडिओत लावते," असं तू म्हणालीस आणि माझ्या पोटात गोळाच आला. प्रीमियर सॉफ्टवेअरची ती प्रोजेक्ट फाइल केवढीशी, बघितलीस का? तुझं एकही दृश्य तिच्यात नाही. ती नुसती वाणसामानाची यादी आहे. कुठली क्लिप कुठल्या फोल्डरात आहे आणि कुठून कुठवर वापरली, एवढंच तिला ठाऊक. घरी डी ड्राइव्ह असलेली डिस्क तिथल्या कॉम्प्युटरवर एफ झाली, तरी ती गडबडू शकते.

तर आज रात्री फाइल मेनूतल्या प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये जा आणि फाइल्स गोळा करून नव्या जागी कॉपी करायचा पर्याय घे. आफ्टर इफेक्ट्समधून थेट जोडलेलं काही असेल, तर ते मात्र त्यात येत नाही. ते आधी रेंडर करून व्हिडिओ म्हणून घाल. आणि फुटेजची नावं आता सुंदर करत बसू नकोस गं! नाव बदललं की क्लिप पुन्हा जोडावी लागते, आणि कॅमेऱ्याच्या दोन कार्डांवर सी०००१ नावाच्या दोन वेगळ्या क्लिप असतात. पुन्हा जोडताना भलतीच क्लिप बसते आणि फाइल सापडत नसल्याचा लाल पडदाही दिसत नाही, म्हणून चूक उशिरा कळते.

तुझ्या मैत्रिणीचं काम दा विंची रिझॉल्व्हवर आहे ना? तिला सांग, तिथं प्रोजेक्ट सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या लायब्ररीत राहतं, फोल्डरात शोधून सापडायचं नाही. नुसतं एक्स्पोर्ट केलं तर फुटेज सोबत येत नाही, प्रोजेक्ट आर्काइव्ह केलं तर येतं.

पेनड्राइव्ह ठेव बाजूला, एसएसडी घे. स्टुडिओत मॅक आहे, म्हणून ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट कर, रिकामी असतानाच हं. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, आणि तुझी मुलाखतीची एकेक क्लिप त्याहून मोठी आहे.

आता फॉन्ट. हे तुझं खरं दुखणं, कारण तुझी सगळी टायटल्स मराठीत आहेत. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेलं नाव दुसऱ्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर अगम्य रोमन अक्षरं होऊन बसतं. दिग्दर्शकाच्या वडिलांचं नाव तसं पडद्यावर आलेलं कोणाला आवडेल? युनिकोड फॉन्ट वापरलास तरी तो तिथं असेलच असं नाही. फॉन्टच्या लायसन्सची तिथं सोय नसेल तर टायटल्स पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करून ने. रंगांच्या लट फाइल्स आणि प्लगइनचंही तिथं विचारून ठेव.

स्टुडिओला आजच फोन करून प्रीमियरची आवृत्ती विचार. नव्या आवृत्तीत केलेलं जुनीत सहसा उघडत नाही. त्यांची जुनी असली तर एवढ्यासाठी ते अपडेट करणार नाहीत, कोणीच चालू कामात करत नाही.

सगळं झालं की मूळ डिस्क काढून ठेव आणि एसएसडीवरचं प्रोजेक्ट दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघड, दादाचा लॅपटॉप चालेल. तुझ्याच कॉम्प्युटरवर उघडलंस तर ते गुपचूप घरच्याच फाइल्स उचलेल आणि सगळं छान आहे असं वाटेल. लाल पडदे दिसायचे तर आज दिसू देत, तिथं तासावर पैसे मोजताना नकोत. शिवाय पूर्ण कटची एक हलकी एमपी४ सोबत ठेव. काही हललं असेल तर स्टुडिओतल्या कलरिस्टला ताडून बघता येतं.