दुखावलेले मूल व शिक्षकाचा आधार

बालकावर अत्याचार झाला म्हणजे शरीराबरोबर त्याचा माणसांवरील विश्वासही दुखावतो. हा विश्वास विश्वासू माणसांच्या सहवासानेच हळूहळू परत येतो. खेड्यात असे माणूस पुष्कळदा शिक्षकच असतो.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली महाराष्ट्रासह तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अत्याचार करणारे सुमारे निम्मे लोक ओळखीचे वा विश्वासातले होते आणि बहुतेक बालकांनी ही गोष्ट कोणासही सांगितली नव्हती. यास्तव, मूल प्रथम ज्याच्यापाशी बोलते, त्याचे वर्तन फार महत्त्वाचे ठरते.

मूल बोलू लागल्यास शिक्षकाने शांतपणे ऐकावे. उलटतपासणी करू नये, मुलाला वर्गासमोर बोलवू नये, चेहऱ्यावर किळस वा अविश्वास दिसू देऊ नये. “तू सांगितलेस हे चांगले केलेस; यात तुझा दोष नाही,” एवढे शब्द पुरेसे होत. मात्र “मी कोणालाच सांगणार नाही” असे वचन देऊ नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक असून ती न देणे शिक्षेस पात्र आहे. ‘गावातल्या गावात मिटवू’ या दडपणास शिक्षकाने बळी पडू नये. मुलाचे नाव मात्र कोठेही फुटू देऊ नये.

याच कायद्याने विश्वासू माणसाचे मोल ओळखले आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, पोलिसी गणवेशाविना आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेल्या अन्य व्यक्तीसमोर घ्यावयाचा असतो. मुंबई उपनगरात देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेत १९९६ साली प्रा. जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झालेली चाइल्डलाइन ही याच विचाराची देणगी होय. तिचा १०९८ हा निःशुल्क क्रमांक आज देशभर चालतो. तो शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

तक्रार नोंदविल्याने शिक्षकाचे काम संपत नाही. हवाई द्वीपसमूहातील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या बालकांचा एमी वर्नर व रूथ स्मिथ यांनी अनेक दशके अभ्यास केला. बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले पुढे कर्तबगार निघाली. त्यांपैकी अनेकांना आजी, शेजारी वा शिक्षक अशा एखाद्या माणसाचा जिव्हाळा लाभला होता.

म्हणून अशा मुलाची सर्वांदेखत कीव करू नये, तसेच त्याला खेळांतून वा कामांतून वगळू नये. हजेरीच्या वेळी नाव प्रेमाने घ्यावे. फळा पुसणे, रोपांना पाणी घालणे अशी जबाबदारी द्यावी. न विचारता अंगाला स्पर्श करू नये. ते गप्प राहिले, चिडले, अभ्यासात मागे पडले, तरी त्यास आळशी वा हट्टी म्हणू नये. गरजेप्रमाणे समुपदेशकाकडे नेण्यास पालकांस सांगावे. जखम भरण्यास वर्षे लागतील. तोवर शिक्षकाचा शब्द आणि वागणूक रोज सारखी राहिली पाहिजे.