ट्रिस्टन द कुन्हा : एका करारावर वसलेलें बेट

विद्यार्थिमित्रहो, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांमधील महासागर नकाशांत न्याहाळला असतां एक इवलासा ठिपका आढळतो. तो ट्रिस्टन द कुन्हा या बेटाचा होय. वस्तीचें सर्वांत जवळचें ठिकाण म्हणजे सेंट हेलेना बेट. तेंहि सुमारें २,४०० किलोमीटर दूर. विमानतळ नाहीं; केप टाऊनहून जहाजानें जावयास साधारणतः एक आठवडा लागतो. मध्यभागीं सुमारें २,०६० मीटर उंचीचा ज्वालामुखी पर्वत, व त्याच्या पायथ्याशीं अडीचशेंहून कमी लोकांचें एकच गांव. माणसें एकमेकांस धरून कशाच्या बळावर राहतात, या प्रश्नाचें उत्तर या बेटाच्या इतिहासांत सांपडतें. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१५०६ सालीं हिंदुस्थानाकडे येणाऱ्या ट्रिस्टन द कुन्हा या पोर्तुगीज दर्यावर्द्यास हें बेट दिसलें व त्याचेंच नांव त्यास पडलें. पुढें १५१० सालीं गोवा जिंकणारा आल्बुकर्क त्याच सफरींत होता. त्यानंतर तीनशें वर्षें बेटावर कायमची वस्ती झाली नाहीं. १८१६ सालीं सेंट हेलेनावर कैदेंत असलेल्या नेपोलियनच्या सुटकेसाठीं या बेटाचा कोणीं उपयोग करूं नये, म्हणून इंग्रजांनीं येथें लष्करी ठाणें बसविलें. पण दुसऱ्याच वर्षीं तें उठविलें. त्या वेळीं विल्यम ग्लास हा स्कॉटिश शिपाई बायकामुलांसह तेथेंच राहिला. दोन गवंडी त्याच्या सोबतीस राहिले.

७ नोव्हेंबर १८१७ रोजीं या मंडळींनीं एक करार लिहिला. गुरेंढोरें व सामानसुमान सर्वांचें सारखें. नफा सारखा वांटावयाचा. खरेदीचा पैसा सर्वांनीं सारखा द्यावयाचा. आणि कोणीं दुसऱ्याहून वरचढ होऊं नये, आजारी नसल्यास प्रत्येकानें आपल्या वांट्याचें काम करावें, असा त्याचा आशय होता. जेथें राजा नाहीं, कचेरी नाहीं, पोलीस नाहीं, तेथें हा कागद हाच कायदा झाला. १८२७ सालीं सेंट हेलेनाहून पांच स्त्रिया येऊन तेथील पांच अविवाहितांशीं संसार मांडत्या झाल्या. फुटलेल्या जहाजांतील कांहीं खलाशीहि पुढें तेथेंच स्थायिक झाले.

परंतु करार लिहिणें निराळें व तो निभावणें निराळें. १८५१ सालीं आलेले मिशनरी विल्यम टेलर यांनीं मुलांस शिकविलें. पण या वस्तीस भवितव्य नाहीं असेंच त्यांचें मत झालें. १८५७ सालीं ते निघाले तेव्हां ४५ जण त्यांच्याबरोबर गेले. मागें २८ उरले. १८८५ सालीं एका जहाजाशीं व्यापार करण्यास नावेंतून गेलेले १५ पुरुष परत आलेच नाहींत. बहुतेक घरांचा कर्ता गेला. तरीहि उरलेल्यांनीं बेट सोडून न देतां शेती व मासेमारी चालू ठेविली.

सर्वांत मोठी कसोटी १९६१ सालीं लागली. ऑक्टोबर महिन्यांत गांवाजवळच ज्वालामुखी फुटला. सर्व २६४ लोकांस बेट सोडून इंग्लंडांत जावें लागलें. तेथें त्यांस घरें, पगार, वीज, दवाखाने, सर्व कांहीं मिळालें. आतां हे लोक परतणार नाहींत, असा पुष्कळांचा तर्क होता. पण डिसेंबर १९६२ मध्यें मतें घेतलीं तेव्हां १४८ जणांनीं परत जाण्याच्या बाजूनें व अवघ्या ५ जणांनीं विरुद्ध मत दिलें. १९६३ सालीं बहुतेक जण स्वगृहीं परतले.

विरुद्ध मत देणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. सुख कोणास नको असतें? तथापि त्या १४८ जणांनीं सुखसोयींहून कांहीं तरी मोलाचें ओळखलें होतें, असें आम्हांस वाटतें. आजहि बेटावरील जमीन समाईक आहे, आणि कोणी एकच कुटुंब गबर होऊं नये म्हणून प्रत्येकानें किती गुरें व मेंढ्या पाळाव्या यास मर्यादा आहे. तो जुना कागद ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेला आहे. त्यांतील वचन मात्र बेटावरील कुरणांत नांदत आहे.

मित्रहो, आपला वर्ग, आपलें वसतिगृह, आपलें घर हींहि लहानशीं बेटेंच होत. तेथें आपल्या वांट्याचें काम आपण न सांगतां उचलतों काय, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचारून पाहावें.