साखरेवर पेटंट मिळतं का?

प्रश्न : आमचा देवणी बैल उठताना पुढच्या गुडघ्यात लंगडतो. मुलाच्या कुत्र्याला सांधेदुखीवर गोळ्या आहेत. त्या साखरेपासून करतात आणि त्यांचं पेटंट आहे म्हणे. साखरेवर पेटंट कसं मिळतं? तेच औषध बैलाला दिलं तर कायदा आडवा येईल का?
– एक वाचक, औराद (जि. बीदर)

उत्तर : विकत घेतलेलं औषध बैलाला दिलं म्हणून पेटंट आडवं येत नाही, आडवं येईल ते बैलाचं पोट. त्या गोळ्यांत बहुधा ग्लुकोसामाइन असेल. ही कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेली एक साखरच. कुत्र्यांतही तिचा गुण किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बैलाच्या तर कोटीपोटातले जंतू पिष्ट-साखर आधी आंबवून टाकतात. त्या गोळ्यांवर पैसे घालू नका.

निसर्गात आहे तशा साखरेवर पेटंट मिळत नाही. ती बदलून नवं द्रव्य घडवलं, तर मिळू शकतं; अर्ज केल्यापासून 20 वर्षं. बीच झाडाच्या लाकडातल्या झायलानला सल्फेट जोडून पेंटोसान पॉलिसल्फेट करतात. घोड्यांच्या सांध्यांसाठी त्याच्या इंजेक्शनला अमेरिकेत 2022 साली मान्यता मिळाली. पण ‘घोड्याचं औषध बैलालाही चालतं’ एवढ्या शोधावर भारतात पेटंट नाही. 1970च्या कायद्याचं कलम 3 (डी) माहीत असलेल्या द्रव्याचा निव्वळ नवा उपयोग नाकारतं. 3 (आय) तर जनावरावर उपचार करण्याची पद्धतच कुणाच्या मालकीची होऊ देत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे कलम मला फार मोलाचं वाटतं. परंपरेनं चालत आलेल्या गावठी औषधांना 3 (पी) राखतं. हळदीनं जखम भरण्यावरचं अमेरिकी पेटंट 1997 साली रद्द झालं, तेही हे ज्ञान आपल्याकडे जुनं आहे असे लेखी पुरावे दिल्यामुळेच.

आता बैलाचं. गुडघ्यावर पाणी भरल्यासारखी मऊ गाठ आहे का, पाहा. असेल तर ती घरी फोडू नका. ब्रुसेला या रोगात अशी गाठ येते आणि तो माणसालाही लागतो. बीदरला नंदीनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात बैल दाखवा, रक्त तपासून घ्या. गाठ नसली तरी खूर आधी उचलून बघायला सांगा. पुष्कळदा काटा किंवा खुरातला पू असतो आणि दोष गुडघ्यावर येतो.