पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी

धुळे, रामनवमी

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले कूलरच्या स्टँडचे फोटो पाहिले. मामीने माझ्याआधी पाहिले आणि "दुकानातल्यासारखं झालंय" म्हणून मोकळी झाली. मी जरा मोठं करून पाहिलं. पाय ओळंब्यात दिसतात, चौकट गुण्यात आहे, आणि टाके ग्राइंडरने घासून सपाट केले नाहीस हे मला सगळ्यात आवडलं. नवशिका माणूस आधी टाका घासतो, मग लांबी भरतो, मग रंग मारतो. त्यात टाका पातळ होतो आणि चूकही दिसेनाशी होते.

तू विचारलंस की गावातले लोक आता कामं घेऊन येताहेत, तर काय घ्यायचं, काय नाही, आणि पैसे किती सांगायचे. मशीन कोणत्या कंपनीचं चांगलं, हे विचारणारी पोरं मला अवधानच्या एमआयडीसीत रोज भेटतात. काय घेऊ नको, हे विचारणारं एखादंच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक परीक्षा दे. पाच मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे घे, एक आडवा, एक त्यावर उभा. फक्त एका बाजूने तीन-चार इंच टाका ओढ. गार झाला की आडवा तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धर आणि उभ्या तुकड्यावर मोठ्या हातोडीचे घाव असे घाल की तो टाक्याच्या बाजूला वाकेल आणि टाका मुळापासून उघडेल. मग तुटलेली जागा उन्हात धरून बघ. कोपऱ्याच्या अगदी मुळाशी पट्टीची कड जशीच्या तशी, कापलेली, सरळ दिसली तर तुझ्या टाक्याने लोखंड धरलंच नव्हतं, नुसता वर बसला होता. काळे खड्डे दिसले तर आत स्लॅग अडकलाय. बारीक भोकं दिसली तर रॉड ओला होता किंवा आर्क लांब धरलास. सगळीकडे सारखं खरबरीत, करडं दिसलं, तर टाक्याने घास घेतलाय असं समज. वरून बघून यातलं काहीच कळत नाही. माशाच्या खवल्यांसारखा देखणा टाका मुळाशी कोरडा निघतो आणि ओबडधोबड टाका हातोडीला दाद देत नाही, हे मी दुकानात कितीदा तरी पाहिलंय.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. भुसावळजवळ दीपनगरचं वीजकेंद्र तू जाता-येता पाहतोस. तसल्या बॉयलरच्या दाबाच्या नळीला ज्याने टाका मारायचा, त्याला आधी नमुना जोडून दाखवावा लागतो. तो नमुना वाकवून, तोडून बघतात, तेव्हा कुठे हातात दाखला मिळतो. बॉयलरचे 1950 चे नियम आहेत, त्यांत तसं आहे. आणि आपल्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हुक मात्र ज्याच्या घरी मशीन आहे त्याने जोडायचा! केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्याने उतारावर येते, मागे मोटरसायकलवर नवरा-बायको-पोर असतात. बॉयलर फुटला तर पेपरात येतं, हुक तुटला तर "ब्रेक लागला नाही" म्हणून मिटतं.

म्हणून तुझ्या शेजाऱ्यांनी आणून टाकलेला तो हुक घेऊ नकोस. ट्रॉलीचा हुक आणि दांडी, गाडीची चासी, फवारणीच्या मशीनचं दाबाचं टाकं, विहिरीतून मोटार काढायचा घोडा, माणसं चढतात ती लोखंडी शिडी, यांतलं काहीही सध्या तुझं नाही. गावात नाही म्हणायला जड जातं, हे मला माहीत आहे. त्यात समोरचा माणूस बापाच्या वयाचा असला की अजूनच. तेव्हा हुशारी न दाखवता सांगायचं, "काका, हे माझ्या मशीनचं काम नाही, चोपड्याला मोठ्या दुकानात न्या." मशीनवर ढकललं की माणूस रागावत नाही. तू स्वतःवर घेतलंस तर तो तुला भरीला घालेल.

आखाजीच्या झोक्याचंही त्यातच आलं. मावशीच्या पोरींसाठी अंगणात पाइपची चौकट उभी करतोस म्हणालास. हौस चांगली आहे. पण झोका घेताना नुसतं वजन नसतं, ते पुढे-मागे हिसके देतं, आणि प्रत्येक हिसक्याला तोच एक टाका ओढला जातो. पहिल्या दिवशी काही होणार नाही. होईल ते नंतर, दोघी-तिघी एकदम बसल्या म्हणजे. यंदा निंबाच्या फांदीला दोर बांधा.

बंद पिंपांबद्दल वेगळं बजावतो. डिझेलचं, ऑइलचं, डांबराचं, औषधाचं रिकामं पिंप कापून हौद किंवा चूल करून द्या म्हणून लोक येणारच. "वर्षभर रिकामंच आहे" म्हणतील. रिकामं तेच जास्त वाईट, कारण तळाशी, सांध्यात उरलेलं तेल आर्कच्या उष्णतेने वाफ होतं आणि आतल्या हवेत मिसळतं. मग झाकण उडत नाही, पिंपाचं बूड सुटून अंगावर येतं. धुऊन, वाळवूनही नको. सरळ नाही म्हण.

आता घ्यायचं काय, ते सांगतो. खान्देशात तुझ्यासारख्याला काम कमी नाही. कूलरची स्टँड, गोठ्याचं फाटक, चाऱ्याची गव्हाण, ठिबकच्या फिल्टरचं स्टँड, खिडकीची जाळी, तुळशीची कुंडी ठेवायची तिवई. यात चुकलं तर लोखंड वाया जातं, माणूस नाही. कूलरच्या स्टँडला मात्र एक बोल्ट जास्त दे, अर्थिंगची वायर बांधायला, आणि गिऱ्हाइकाला तीन पिनांचा प्लग लावायला सांग. उन्हाळ्यात ओल्या कूलरला हात लागून आपल्या भागात माणसं जातात.

वखराच्या पासा आणि नांगराचे फाळही येतील, कारण जवळचा लोहार म्हातारा झालाय असं तू लिहिलंस. इथे जरा सावध. पास पुष्कळदा जुन्या कमानपाट्याची केलेली असते. त्या पोलादात कार्बन जास्त असतो, अँगलसारखं ते मऊ नाही. आपला नेहमीचा 6013 रॉड लावून नुसता टाका मारलास तर टाका राहील आणि त्याच्या शेजारची पट्टीच काचेसारखी तडकेल, बहुतेक पहिल्याच दगडाला. लोखंड ओळखायला ग्राइंडर टेकव. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बनवाल्याच्या ठिणग्या जवळच फुटतात, दाट फुलबाज्या होतात. तसं दिसलं तर आधी पास तापव, इतकी की पाण्याचा थेंब पडताच चुर्र होऊन उडून जावा, मग 7018 चा कोरडा रॉड वापर आणि झाल्यावर राखेत किंवा चुन्यात पुरून संध्याकाळपर्यंत गार होऊ दे. पाण्यात बुडवायचं नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

फाटकाचंही इथलं एक गणित आहे. लोखंड शंभर अंश तापलं की मीटरला सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. पौषातल्या पहाटे दहा अंशाला बसवलेलं वीस फुटी सरकतं फाटक, वैशाखात काळ्या रंगावर ऊन पडून पासष्ट अंशांवर गेलं की चार मिलिमीटरने लांब होतं. मग लोक "फाटक फुगलं" म्हणून तुझ्या नावाने बोटं मोडतील. जागा सोड. आणि लांब चौकटीचे टाके एका टोकाकडून दुसरीकडे ओढत नेऊ नकोस. चारी कोपऱ्यांना छोटे टाके, मग कर्ण मोजायचा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांना पाळीपाळीने पूर्ण टाके.

हाताचं एकच सांगतो, बाकी हात स्वतः शिकेल. अडीच मिलिमीटरच्या रॉडला सत्तर ते नव्वद अँपिअर, आणि रॉडचं टोक त्याच्या जाडीपेक्षा लांब धरायचं नाही. बरोबर चाललं असेल तर गरम तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो. तो तुटक यायला लागला की नजरेआधी कान सांगतो. पावसाळ्यात रॉडचा पुडा जमिनीवर ठेवू नकोस, ओल धरतो.

डोळ्यांबद्दल तुझ्या आईला काळजी आहे आणि ती रास्त आहे. काळी काच दहा किंवा अकरा नंबरची, आणि तडा गेलेली लगेच बदलायची. डोळ्याला वेल्डिंग लागली तर तेव्हा काही कळत नाही. सात-आठ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, दिवा बघवत नाही. बटाट्याच्या चकत्या, दूध, गुलाबपाणी असले उपाय सांगणारे घरोघर आहेत. डोळ्यांत काही टाकू नकोस, डॉक्टरकडे जा. आणि तुझ्यापेक्षा मला बघ्यांची भीती वाटते. तुझ्या तोंडावर काच आहे, अंगणात जमलेल्या पोरांच्या नाही. मशीन चालू करण्याआधी ताडपत्रीचा आडोसा बांध आणि पोरांना हाकल.

जस्ताचा पत्रा किंवा जीआय पाइप असेल तर जोडाच्या जागेचं जस्त घासून काढ आणि वाऱ्याच्या बाजूला उभा राहा. जस्त नऊशे अंशांच्या थोडं पुढेच उकळतं, लोखंड वितळायला पंधराशेच्या आसपास लागतात. म्हणजे तू टाका मारायच्या आधीच पांढरा धूर नाकात. त्याने रात्री हिव भरून ताप येतो. "गूळ खाल्ला की छातीतला धूर निघून जातो" हे कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. गूळ खा, गोड असतो. धुराला मात्र मोकळी हवाच लागते.

कपडे सुती घाल. कापसाच्या मुलखात राहून टेरिकॉटचा शर्ट घालून वेल्डिंग करणारे मी पाहिलेत. ठिणगी पडली की तो कातडीलाच चिकटतो. आणि तुझ्या शेडशेजारी पऱ्हाटीचा ढीग आणि ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी फोटोत दिसली. ती तिथून हलव. ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत जाते आणि पऱ्हाटीत तासभर धुमसून मग पेटते. काम संपल्यावर अर्धा-एक तास तिथेच बस, चहा तिथेच मागव. जिनिंगमध्ये कपाशीच्या गंजीजवळ काम आहे म्हणून कोणी बोलावलं तर जाऊच नकोस.

आता पैसे. लोखंड तोलावर येतं, तेव्हा वजन काढायला शीक. पंचवीस बाय पंचवीस बाय तीनचा अँगल मीटरला एक किलो शंभर ग्रॅम. तुझं स्टँड अडीच फुटांचं चौकोनी, दोन फूट उंच: वरची चौकट दहा फूट, खालच्या पट्ट्या दहा फूट, पाय आठ फूट. अठ्ठावीस फूट म्हणजे साडेआठ मीटर, वजन साडेनऊ किलोच्या आत. गोल सळईला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग कर आणि 162 ने भाग, मीटरचं वजन मिळतं. बारा एमएमची जवळजवळ नऊशे ग्रॅम. त्यावर रॉड, कटिंग व्हील, रंग, लाईट, आणि तुझा रोज. रोज लावायला लाजू नकोस. एखाद्याला फुकट द्यायचं असेल तर पूर्ण फुकट दे. अर्ध्या भावाचं गिऱ्हाईक तक्रार पूर्ण भावाची करतं.

लाईटचं लक्षात ठेव. मशीनला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि वेगळा एमसीबी घे. शेतपंपाच्या कनेक्शनवर चालवू नकोस. ज्या कामासाठी वीज दिली ते सोडून दुसऱ्याला वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली आकारणी होते, आणि ती दाजींच्या नावावर येईल. धंदा वाढला तर घरच्या मीटरचंही तेच. तेव्हा व्यावसायिक मीटर घे आणि उद्यम नोंदणी कर. ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस.

आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे. जळगावलाही होतो, धुळ्यालाही. तुला हात आहे म्हणून सांगतो, जमलं तर कर. दाजींशी मी बोलतो.

ताई आखाजीला माहेरी येईल तेव्हा तूही ये. येताना वर सांगितलेल्या परीक्षेचे तोडलेले तुकडे पिशवीत घालून आण. चांगले वेगळे काढून आणू नकोस, सगळे आण.

दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा