नवं इंजिन घेताना : सेल्समनला हो म्हणण्याआधी



१ जूनला बंदी लागली की जेटीवर दोन तऱ्हेची माणसं जास्त दिसायला लागतात. एक जाळी दुरुस्त करणारे आणि दुसरे इंजिनवाले सेल्समन. त्यांचंही बरोबरच आहे. ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस ट्रॉलर उभा असतो, जुनं इंजिन उतरवायचं आणि नवं बसवायचं तर याच दिवसांत. आपल्याला घाई असते आणि ती त्यांना ठाऊक असते.

संस्थेच्या ऑफिसात दरवर्षी या विषयावर तक्रारी येतात. बहुतेक वेळा सभासद कागद घेऊन येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून या वेळी बंदी लागण्याआधीच हा पाठ लिहितो आहोत. इंजिनावर लिहिलं असलं तरी विंच, जनरेटर, बर्फाचं मशीन यांनाही बहुतेक मुद्दे लागू पडतात.

आधी एक घडलेली गोष्ट

नाव सांगत नाही, डीलरचंही नाही आणि सभासदाचंही नाही. आमच्या एका सभासदाचं इंजिन थकलं होतं. मे महिन्यात सेल्समन आला. बोलायला गोड, दादा-दादा करणारा. म्हणाला, "स्कीम ३१ तारखेपर्यंतच आहे, आज बुकिंग केलं तर हा भाव." सभासदाने जेटीवरच उभ्या उभ्या दोन लाख ॲडव्हान्स दिला. हातात आली फक्त पावती. तिच्यावर इंजिनाचं मॉडेल आणि रक्कम, बाकी काही नाही.

घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "गिअर बॉक्स ह्यात आला काय? आणि बसवणार कोण?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं, गिअर बॉक्स वेगळा, मीटरचं पॅनल वेगळं, कपलिंग वेगळं, बसवायचा खर्च वेगळा.

इंजिन १५ जुलैला येणार होतं, ते आलं ९ ऑगस्टला. सोबत आलेला गिअर बॉक्स २ ला १ चा. जुना होता ३ ला १ चा. पंखा जुनाच ठेवायचा ठरलं होतं. ट्रायलला बाहेर काढलं तर इंजिन हजार-अकराशे फेऱ्यांच्या वर जाईना, काळा धूर आणि गरम. डीलरचा मेकॅनिक म्हणाला पंखा चुकीचा. पंखेवाला म्हणाला पंखा दहा वर्षं चालतोय, गिअर बॉक्स चुकीचा. सेल्समन तोवर दुसऱ्या डीलरकडे कामाला गेला होता. शेवटी नवा पंखा सभासदाच्याच पैशांनी आला आणि ट्रॉलर सप्टेंबरमध्ये पाण्यात गेला. मोसम उघडतानाची कोळंबी गेली, चवथ उसनवारीवर झाली, खलाशी दुसऱ्या बोटीवर गेले ते परत आले नाहीत.

संस्थेने डीलरला पत्र लिहिलं. उत्तर आलं, "गिअर रेशोबद्दल ग्राहकाने लेखी काही कळवलेले नाही." ते खरंच होतं. सगळं तोंडी होतं. त्या वेळी आम्हालाही काय लिहून घ्यायचं ते नीट माहीत नव्हतं, हे कबूल करतो. पुढचे मुद्दे त्यातूनच शिकलो.

१. आपली गरज आपण आधी कागदावर मांडायची

सेल्समन आला की तो त्याच्याकडे जे आहे ते दाखवणार. म्हणून तो येण्याआधी एक कागद करा : बोटीची लांबी-रुंदी, लाकडी की फायबर, काम ट्रॉलिंगचं की पर्ससीनचं, जुन्या इंजिनाचे एच.पी. आणि फेरे, जुना गिअर रेशो, पंख्याचा व्यास आणि पिच, शाफ्टची जाडी. हा कागद प्रत्येक डीलरला तोच द्या आणि कोटेशन त्यावरच मागा.

याला कायद्याचाही आधार आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याच्या कलम १६ मध्ये असं आहे की घेणाऱ्याने वस्तू कोणत्या कामासाठी हवी ते विकणाऱ्याला कळवलं असेल आणि तो विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून घेत असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. पण आपणच "मला अमुक कंपनीचं अमुक मॉडेल द्या" असं नाव घेऊन मागितलं तर तो आधार लंगडा होतो. म्हणून ऑर्डरवर एक ओळ लिहाच : "सोबतच्या माहितीप्रमाणे बोटीला, ट्रॉलिंगच्या कामासाठी, तुमच्या शिफारशीने."

२. एच.पी. म्हणजे कुठले एच.पी., ते विचारायचं

एकच इंजिन दोन-तीन आकड्यांनी विकलं जातं. थोडा वेळ पूर्ण जोर लावला तर जास्त एच.पी., तासन्‌तास ओढकाम केलं तर कमी. जाहिरातीत मोठा आकडा असतो. आपण ट्रॉल ओढताना तासन्‌तास जोर लावतो, म्हणून आपल्याला सतत चालण्याचा, म्हणजे कंटिन्युअस ड्युटीचा आकडा हवा. तो किती फेऱ्यांवर आहे तेही लिहून घ्या. आकडा किलोवॅटमध्ये असेल तर १ किलोवॅट म्हणजे साधारण १.३४ एच.पी.

"डिझेल निम्मं लागेल" असं कोणी म्हटलं तर हिशोब घाला. आजच्या चांगल्या डिझेल इंजिनाला प्रत्यक्ष १०० एच.पी. जोर काढताना तासाला ढोबळमानाने १८ ते २० लिटर लागतात. एका कंपनीत आणि दुसऱ्या कंपनीत थोडाफार फरक असतो, निम्म्याचा नसतो. जुनं इंजिन फार झिजलेलं असेल तर बचत जास्त दिसेल, पण ती कुठल्याही नव्या इंजिनात दिसेल.

३. इंजिन, गिअर बॉक्स, पंखा : तिघांचं लग्न एकत्र जमवायचं

आमच्या सभासदाचं काय चुकलं ते नीट समजून घ्या. इंजिन १८०० फेऱ्यांवर असेल तर ३ ला १ गिअरने पंखा ६०० फिरतो, २ ला १ ने ९०० फिरायला बघतो. म्हणजे दीडपट. पण त्याच पंख्याला दीडपट फिरवायला ताकद दीडपट नाही, जवळजवळ ३.४ पट लागते. तेवढी ताकद इंजिनात नसते. मग ते दबून चालतं, धूर टाकतं, तापतं आणि लवकर मरतं.

म्हणून गिअर रेशो आणि पंख्याचं माप डीलरकडून लेखी घ्या. पंखा जुनाच ठेवायचा असेल तर "जुना पंखा चालेल" हे त्याच्या लेटरहेडवर हवं. तो लिहून द्यायला तयार नसेल तर त्यातच उत्तर आलं.

४. कोटेशनमध्ये काय काय असलं पाहिजे

इंजिन, गिअर बॉक्स, कपलिंग, मीटर पॅनल, कूलिंगचं सामान, एक्झॉस्ट, बॅटरी-स्टार्टर, वाहतूक, जेटीवर क्रेनने उतरवणं, बसवणं, पहिली चालू चाचणी. प्रत्येकासमोर "आहे" किंवा "नाही" लिहून घ्या. जुनं इंजिन एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर त्याची किंमत वेगळ्या ओळीत मागा, नाहीतर एका हाताने सूट देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतात.

जीएसटीची ओळ जरूर बघा. मासेमारी बोटीचा भाग म्हणून दिलेल्या मरीन इंजिनाला ५ टक्के कर, असं केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ९ ऑगस्ट २०१८ च्या परिपत्रकात (क्रमांक ५२/२६/२०१८) स्पष्ट केलं आहे. कोटेशनवर त्याहून जास्त दर दिसला तर आपल्या बोटीच्या नोंदणीची प्रत दाखवा आणि कारण विचारा. बिल करण्याआधी आपल्या हिशोबनीसालाही दाखवा. दहा लाखांच्या इंजिनावर हा फरक लाखाच्या वर जातो.

५. ॲडव्हान्स

ॲडव्हान्स डीलरच्या फर्मच्या खात्यावरच, सेल्समनच्या खात्यावर किंवा त्याच्या मोबाईलवर कधीच नाही. पावतीवर तीन गोष्टी हव्यात : माल कधी येणार ती तारीख, तारीख चुकली तर ॲडव्हान्स परत मिळणार का, आणि भाव तोवर वाढणार नाही हे. "अंदाजे" हा शब्द दिसला तर खोडून तारीख घालायला सांगा. आपल्याला १ ऑगस्ट अंदाजे येत नाही.

सगळे पैसे आधी देऊ नका. शेवटचे दहा टक्के तरी समुद्रातल्या ट्रायलनंतर द्यायचे, हे ऑर्डरमध्येच घाला. पैसे दिल्यावर आपला फोन उचलायला कोणाला घाई नसते.

६. कर्जाचा व्याजदर

डीलरच फायनान्स करून देतो तेव्हा "फक्त ८ टक्के" ऐकायला बरं वाटतं. विचारा, फ्लॅट की घटत्या शिलकेवर? दहा लाख, पाच वर्षं, ८ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज चार लाख आणि हप्ता २३,३३३ रुपये. बँकेच्या घटत्या शिलकेच्या पद्धतीने हाच हप्ता साधारण १४ टक्क्यांचा होतो. म्हणजे बँकेने १२ टक्के सांगितले तर बँक स्वस्त.

दुसरं, हप्ता जून-जुलैमध्येही येतो, कमाई येत नाही. त्या दोन महिन्यांची सोय आधीच बोलून घ्या. आणि "सबसिडी मी करून देतो" असं सेल्समन म्हणाला तर मत्स्योद्योग खात्यात स्वतः जाऊन विचारा. आधी मंजुरी लागत असेल आणि आपण आधीच खरेदी करून बसलो तर अर्ज पडून राहतो.

७. वॉरंटी

वॉरंटी महिन्यांत आणि तासांत असते, जे आधी संपेल ते. ती सुरू कधी होते ते विचारा : माल निघाल्यापासून, बिलापासून की चालू केल्यापासून? मे मध्ये बिल झालं आणि ऑगस्टमध्ये इंजिन चालू झालं तर मधले महिने फुकट गेले. "चालू केल्यापासून" असं लिहून घ्या. पहिली सर्व्हिस किती तासांवर, ती कोण करणार, जेटीवर येणार की नाही, येण्याचा खर्च कोणाचा, फिल्टर आणि इम्पेलर कुठे मिळतो आणि कितीला, हेही आधीच. गोव्यात माणूस नसेल आणि दर वेळी तो लांबून यायचा असेल तर स्वस्त इंजिन महाग पडतं.

ज्यांनी तेच इंजिन दोन मोसम चालवलंय अशा दोघांशी बोला. नावं सेल्समनने दिलेली नकोत, आपण शोधलेली हवीत. मालकाबरोबर तांडेलालाही विचारा, खरं तोच सांगतो.

८. माल आला की

चलनावर लगेच सही करू नका. खोका उघडून इंजिन नंबर आणि गिअर बॉक्सच्या प्लेटवरचा रेशो ऑर्डरशी ताडून बघा, फोटो काढा. वेळ नसेल तर सहीजवळ "तपासणीच्या अधीन" लिहा. तोच इंजिन नंबर बिलावर हवा, कारण बोटीच्या नोंदणीत बदल करताना तो लागतो. ट्रायलला इंजिन पूर्ण जोरात ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत जातं का, पाणी किती तापतं, धूर कसा आहे, हे डीलरच्या मेकॅनिकसमोर लिहून दोघांच्या सह्या घ्या.

९. तरीही फसलो तर

पुष्कळांना वाटतं, बोट धंद्याची, म्हणून ग्राहक न्यायालय आपल्याला नाही. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी कामाची धरत नाहीत. तीन-चार बोटी असलेल्या मालकाला हे सिद्ध करणं अवघड, पण एका बोटीवर घर चालवणाऱ्याला दार उघडं आहे. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात जाते, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. पण कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न एकच येणार : कागद कुठे आहे?

सेल्समन आपला वैरी नाही

त्याच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं, नोकरीही टांगणीवर असते. त्याच्याशी नीट बोला, चहा पाजा. पण तो सांगतो ते त्याच्या मालकाने लिहून दिल्याशिवाय धरू नका. फोनवर काही ठरलं तर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवा : "आज तुम्ही असं असं सांगितलंत, बरोबर ना?" त्याचं "हो" पुढे उपयोगी पडतं.

आपण एकटे असलो की छोटे गिऱ्हाईक. गेल्या बंदीत आमच्या तीन सभासदांनी मिळून संस्थेच्या लेटरहेडवर एकच चौकशी पाठवली. भावात फार मोठी सूट मिळाली असं नाही, खोटं सांगणार नाही. पण गिअर रेशो लेखी आला, तारीख लेखी आली, शेवटचे दहा टक्के ट्रायलनंतर देण्याचं मान्य झालं. तिन्ही बोटी १ ऑगस्टला निघाल्या.

ज्यांना या बंदीत इंजिन बदलायचं आहे त्यांनी ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशन घेऊन संस्थेच्या ऑफिसात यावं. येताना घरच्या बाईलाही घेऊन या. ज्या माणसाने पहिल्याच संध्याकाळी खरा प्रश्न विचारला होता, तिला त्या दिवशी जेटीवर कोणी बोलावलंच नव्हतं.


— सचिव, संस्थेतर्फे