आगगाडीच्या वाटेवरील कचेरी : फ्रेस्नो काउंटीच्या न्यायालयाचा आरंभीचा इतिहास

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण हलविण्याचा प्रश्न निघाला की गावागावांत केवढी खळबळ उडते, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1874 साली हाच प्रश्न मतपेटीद्वारा सोडविण्यात आला, आणि त्या निकालाने एक गाव ओस पडले, तर दुसरे नावारूपास आले.

अमेरिकेतील काउंटी आपल्या जिल्ह्याशी बरीच मिळतीजुळती असली, तरी तेथील ‘कोर्टहाउस’ म्हणजे केवळ न्यायदानाची इमारत नव्हे. जमिनीचे दस्तऐवज, कराच्या नोंदी, खजिना, शेरीफची कचेरी, हे सारे त्याच वास्तूच्या आश्रयाने नांदे. त्यामुळे ज्या गावी ही इमारत, त्या गावी वकील, व्यापारी, खाणावळी आणि वृत्तपत्रही.

फ्रेस्नो काउंटी 1856 साली स्थापन झाली. तिचे पहिले मुख्य ठिकाण सान वाकीन नदीच्या काठचे मिलरटन. सोन्याच्या शोधार्थ आलेल्या लोकांमुळे ही वस्ती वाढली होती. तेथे 1867 मध्ये दगडविटांचे भक्कम न्यायालय बांधून पूर्ण झाले. पण त्याच वर्षी 24 डिसेंबर रोजी नदीस महापूर आला आणि गावाचा मोठा भाग वाहून गेला. उंचावर असलेले न्यायालय मात्र तगले. गाव गेले आणि कचेरी उरली, असा हा विलक्षण प्रकार होता. सोन्याचा बहरही तोवर ओसरला होता.

इकडे मिलरटनपासून दूर, ओसाड वाटणाऱ्या मैदानात निराळेच घडत होते. मोझेस चर्च यांनी किंग्ज नदीचे पाणी कालव्याने आणून ईस्टरबी यांच्या शेतावर गहू पिकविला होता. सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचे प्रमुख लिलंड स्टॅनफर्ड यांनी 1871 साली ते हिरवे शेत पाहिले व आपल्या नव्या मार्गावरील स्थानकासाठी त्याच परिसराची निवड केली, असे सांगितले जाते. 1872 मध्ये आगगाडी आली. स्थानकाभोवती तेव्हा घरे थोडी आणि वाळूच फार. पण मालाची ने-आण तेथून होऊ लागली आणि पाणीही जवळ आले.

मार्च 1874 मध्ये मतदान झाले. फ्रेस्नोस 417 मते मिळाली, मिलरटनला अवघी 93. ज्या गावात कचेरी होती, त्या गावाची ही मते! रिंगणातील अन्य दोन ठिकाणांनाही मिलरटनपेक्षा अधिक मते पडली, यावरून लोकांचे मन किती आधीपासून उठले होते ते कळते. ‘एक्स्पॉझिटर’ हे वृत्तपत्र लागलीच आपला छापखाना घेऊन फ्रेस्नोस गेले. कित्येकांनी घरे मोडून त्यांची लाकडे गाड्यांवर लादली. यात कोणी कोणावर अन्याय केला असे नव्हे. तथापि ज्या वृद्धांची हयात नदीकाठी गेली, त्यांचे काय झाले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

8 ऑक्टोबर 1874 रोजी नव्या न्यायालयाची कोनशिला बसविण्यात आली व 1875 मध्ये इमारत उभी राहिली. तिचा आराखडा वास्तुशिल्पी ए. ए. बेनेट यांचा. त्याच खोऱ्यातील, त्याच मार्गावरील मर्सेड या गावी त्यांनीच रचलेले त्याच वर्षीचे न्यायालय आजही उभे असून, तेथे आता वस्तुसंग्रहालय आहे. फ्रेस्नोत लोहमार्गाकडून निघणारा मारिपोसा रस्ता थेट न्यायालयाच्या उद्यानाशी जाऊन भिडे, त्यामुळे घुमटाची ही इमारत दुरूनच नजरेत भरे. गावास नगरपालिकेचा दर्जा मिळाला तो 1885 मध्ये. म्हणजे नगर होण्याच्या दहा वर्षे आधीच त्याची कचेरी तयार होती!

1895 च्या आगीत तो घुमट जळाला. इमारत दुरुस्त करून वापरात ठेवण्यात आली. पुढे नागरिकांनी पुष्कळ विरोध केला, तरीही 1966 साली ती पाडून त्याच उद्यानात नवे न्यायालय बांधण्यात आले. मिलरटनची जागा तर त्याआधीच फ्रायंट धरणाच्या जलाशयाखाली गेली होती. तेथील जुने न्यायालय मात्र 1941 मध्ये दगड न् दगड सुटा करून हलविण्यात आले आणि नंतर जलाशयाच्या काठावर, उंच जागी पुन्हा रचण्यात आले.